ती मूठ मी उघडली

डॉक्टरसाहेब, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या दवाखान्याच्या जागी आधी कापडाचं दुकान झालं, ते मोडून मोबाईलचं झालं, आणि तुमचं नाव सांगितलं तर आदिलाबादेतला ऑटोवालासुद्धा आता "कोण?" म्हणतो. मी मात्र अजून आहे. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, कान जायला लागले, पण जीभ शाबूत आहे आणि उजवा हातही. काल एक मुलगी आली होती. हैदराबादेत मानसशास्त्र शिकते, संमोहन उपचारांवर काहीतरी लिहिते आहे, आणि तुम्ही दरवर्षी त्यावर भाषण द्यायचा, त्यातली हकिगत कुठूनशी तिच्या कानावर गेली होती. "आजी, ती मूठ मिटलेली मुलगी म्हणजे तुम्हीच ना? डॉक्टरांनी एका शब्दात उघडली ती?" एका शब्दात! मेल्यावरही तुमचीच गोष्ट चालू आहे बघा. तिला चहा दिला, चिवडा दिला आणि स्पष्ट सांगितलं की बाई, ती मूठ मी उघडली. तिने हसून मान हलवली, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतात तशी. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

म्हणून आता तुम्हालाच लिहून सांगते, पहिल्यापासून. मध्ये बोलायचं नाही. जिवंतपणी एक वेळ सोडली तर तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत, आता ती सोय तुमच्याकडे नाही.

माझे बाबा मुधोळच्या तहसिलीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवायचे आणि त्यावरचा हुकूम लिहून काढायचा. निजामाच्या अमलात नोकरी हवी तर उर्दू हवी, म्हणून आजोबांनी त्यांना लहानपणीच मौलवीकडे बसवलेलं. अक्षर असं की लोक अर्जी लिहून घ्यायला घरी यायचे. निजामाचं राज्य गेलं, संस्थान भारतात आलं, तरी बाबांचं कसंबसं निभावलं. मग राज्यांची नव्याने वाटणी झाली. आमचं मुधोळ तोवर नांदेडात होतं. कोणीतरी कुठेतरी नकाशावर रेघ ओढली आणि आम्ही आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात आलो. तिकडे किनवट आदिलाबादेतून उठून नांदेडात गेलं. घर तिथेच, विहीर तिथेच, बैलसुद्धा त्याच गोठ्यात. पण बाबांच्या टेबलावर तेलुगू कागद यायला लागले, आणि बाबांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. "माह्यं काय चुकलं?" असं ते आईला विचारायचे. "त्यायनं उर्दू शिक म्हटलं, मी शिकलो. आता म्हनतात हे शिक. या वयात?" आई भाकरी थापत राहायची.

मला येत होतं. शेजारी तेलुगू कुटुंब होतं, त्यांच्या मुलींबरोबर खेळून बोली आली होती, आणि शाळेत नवीन पंतुलु आले, म्हणजे तेलुगूचे मास्तर, त्यांच्याकडून लिपी मी भराभर उचलली. झालं! बाबांनी एक दिवस पिशवीतून सरकारी कागद काढून स्वयंपाकघरात माझ्यापुढे ठेवले. ते मराठीत सांगणार, मी तेलुगूत लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ते माझी अक्षरं बघून बघून, रांगोळी काढावी तशी, कागदावर उतरवणार. वाचता एकही येत नव्हतं. आधी मला अभिमान वाटला. मग ते रोजचं झालं. शाळेतून आले की कागद. सणाच्या दिवशी कागद. चूक झाली तर बाबांना साहेबाची बोलणी, आणि बाहेर कळलं तर नोकरीच जाणार, कारण सरकारी कागद घरी आणून पोरीकडून लिहवून घेणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. एक माझा हात, आणि त्याच्यावर सगळं घर. सतराव्या वर्षी.

एका संध्याकाळी लिहिता लिहिता माझा अंगठा आत वळला आणि त्याच्यावर बोटं मिटली. पेन आतच अडकलं. बाबांनी ओढलं, आईने गरम तेल चोळलं, शेजारणीने उतरवून टाकलं, बाहेरचं असेल म्हणाली. मूठ काही सुटेना. मग बाबा रजा काढून मला तुमच्याकडे घेऊन आले, निर्मळचा घाट चढून, बसमध्ये ओकाऱ्या काढत.

तुमचा तो दवाखाना अजून दिसतो मला. तुम्ही बाकासमोर उभे आहात. कपाळावर तो गोल आरसा, कान-घसा तपासायचा, आणि खिडकीतलं ऊन त्याच्यावर घेऊन तुम्ही ते माझ्या डोळ्यांवर सोडता. "बघ इकडे. फक्त इकडे. पापण्या जड झाल्या. मान जड झाली. आता माझा आवाज सोडून दुसरा आवाज नाही. मी सांगेन तेच होईल." दारात माणसं जमली आहेत, कंपाउंडर त्यांना हटकत नाही, कारण तुम्हाला माणसं जमलेली आवडतात. मला सगळं ऐकू येतंय, पण उत्तर द्यावंसं वाटत नाही. मग तुमचा आवाज चढतो. "उघड!" आणि डॉक्टरसाहेब, उघडली. माझ्या डोळ्यांदेखत एकेक बोट सुटलं. तुम्ही हातात पाटी दिलीत, "श्री लिही" म्हणालात, मी मराठीत श्री लिहिलं. दारातली माणसं "वा!" म्हणाली. बाबा रडले. तुम्ही बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "काही नाही, वयाचं असतं हे. लग्न करून टाका."

आता सांगा, तुम्ही मला काय विचारलंत? काही नाही. एक शब्द नाही! काय लिहिताना मिटली, कुणासाठी लिहीत होतीस, हे कुठे विचारलंत? बाबा शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर मी तोंड उघडलं नसतं हे खरं आहे. पण त्यांना बाहेर बसवणं तुमच्या हातात होतं. तुम्ही हुकूम दिलात, हाताने ऐकला, आणि तुमचं काम झालं.

घरी आल्यावर बाबांनी कागद पुढे केला आणि मूठ पुन्हा मिटली. मराठीत काहीही लिही म्हटलं तर सुटायची, तेलुगू कागद दिसला की मिटायची. पुन्हा घाट, पुन्हा तुम्ही. त्या खेपेला तुम्ही आरसा लावलासुद्धा नाहीत. "माझ्यासमोर उघडते आणि घरी जाऊन मोडते? नाटकं आहेत ही. हिला औषध नको, दोन ठेवून द्या." भर दवाखान्यात, इतक्या माणसांत! मला अजून ते बाक आठवतं आणि कानशिलं तापतात. बाबांनी मला मारलं नाही. परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोट्टे, काऊन असं करून राह्यली तू? माह्यी नोकरी जाईन ना वं." तुमच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही भाषणात कधी सांगितली नाहीत. आमच्याकडे देवाच्या वातींना जिनातला, म्हणजे यंत्रावर सरकी काढलेला, कापूस चालत नसे. घरच्या शेतातली बोंडं आणायची, हाताने सरकी काढायची, मग वाती वळायच्या. दुपारची वेळ. आईने टोपली माझ्यापुढे सरकवली. "रिकामी बसली हायेस तं सरकी काढ. डाव्या हातानं काढ." मी डाव्या हाताने काढायला लागले. कापूस धरायचा, चिमटीत सरकी पकडायची, ओढायची, बाजूला टाकायची. धरायचा, ओढायची, टाकायची. घराबाहेर कोणीतरी लाकडं फोडत होतं, तो आवाज लांब लांब गेला. डोळे उघडेच होते पण बघत कशाकडेच नव्हते. आणि कधीतरी खाली बघितलं तर उजवा हात कापूस धरून बसलेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आईने बघितलं आणि ती एकदम देवाकडे वळून हात जोडायला लागली, "देवानं केलं वं बाप्पा, देवानं केलं!" नवसाला नारळ बोलली, वर साखरही बोलली. मी गंमत करून बघत होते. मनात बाबांचा कागद आणला की बोटं आत ओढायची. पुन्हा सरकीकडे लक्ष दिलं की मोकळी. आणला, मिटली, सोडला, सुटली. तेव्हा मला कळलं की हाताला काहीही झालेलं नाही. हात नाही म्हणतोय. मी म्हणायला हवं होतं ते तो म्हणतोय, कारण मी म्हणत नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी पिशवी उघडली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मी नाई लिहिनार." असं त्या घरात कोणी बाबांना म्हटलं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "मंग खाशीन काय?" मी म्हटलं, "मी तुमाले शिकवतो ना. अक्षरं ओळखायले शिका. मंग तुमीच लिहा." ते उठून बाहेर गेले. पोरीकडून बाराखडी गिरवायची, आणि तीही पेशकाराने! पुढचे कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसात कसं निभावत होते कोण जाणे. मग एकदा सकाळी अंघोळ करून, अंगरखा घालून, जणू कचेरीत निघाले आहेत असे माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "काढ पयलं अक्षर." मी पाटीवर तेलुगू 'अ' काढला. ह्याच हाताने. मूठ मिटली नाही. त्यानंतर कधी मिटली नाही. बाबांचं तेलुगू अक्षर शेवटपर्यंत वाकडंतिकडं राहिलं, ऑफिसात पोरं हसायची, पण ते स्वतःचं स्वतः लिहीत होते आणि पेन्शनीपर्यंत त्याच खुर्चीवर बसले.

मी वेडी, हात सुटला एवढं सांगायला तुमच्याकडे आले, कागदाचं नाही. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. मी हात पुढे केला, उघडून दाखवला, मिटून दाखवला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "सूचनेचा असर कधीकधी उशिरा होतो." बस्स. त्या वर्षीच्या तुमच्या भाषणात मी होते, पुढच्या वर्षीच्या भाषणात होते, आणि प्रत्येक वर्षी तुमचा तो शब्द जास्त गडगडत होता.

तुम्ही म्हणाल, एवढा राग होता तर शिकायला माझ्याकडेच का आलीस? आले, कारण मला ते हवं होतं. एका शब्दाने हात उघडतो आणि एका विचाराने मिटतो, हे बघितलेलं माणूस पुन्हा शाळेत नुसतं पाढे घेत बसेल का? मला आदिलाबादेत मास्तरणीची नोकरी लागली, तेलुगू शिकवायची, आणि तुम्हाला बायका तपासताना खोलीत एक बाईमाणूस हवं होतं. तुम्ही मला ठेवलंत. मी संध्याकाळी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि बघायची. खूप बघितलं. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, आताही मानायला बसलेले नाही.

खोटं बोलणार नाही, तुमचा हुकूम चालायचा तेव्हा चालायचा. शेतात दिवड चावली म्हणून त्या माणसाला खाटेवर घालून आणलं होतं ना, डोळे पांढरे, हातपाय गार, बायको छाती पिटत. मेलेला साप सोबत आणलेला, दिवडीला विष नसतं हे तुम्हाला माहीत होतं, पण त्याला कोण पटवणार? तुम्ही त्याच्या छातीवर हात दाबून असे गरजलात, "उतरलं! पायातून उतरलं! ऊठ!" आणि तो उठला, पाणी मागितलं. तिथे विचारत बसले असते तर मी त्याला घालवला असता. तुम्ही वाचवलात. हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

पण झोप न येणारा तो भैंशाकडचा कापूसवाला? तुम्ही उर्दूत शिकलेले, आकडे तुमचे कायम उर्दूतलेच. त्याचे डोळे मिटवून तुम्ही मोजायला लागलात, एक… दो… आणि तीन म्हटल्याबरोबर तो ताडकन उठून बसला. "कितीत गेला जी?" अहो, जन्मभर बाजारात कापसाच्या ढिगाजवळ उभा राहिलेला माणूस, त्याच्यासाठी तीन म्हणजे लिलाव तुटला! मी हसले म्हणून तुम्ही मला खोलीबाहेर घालवलंत आणि त्याला म्हणालात, "तुझ्यात एकाग्रता नाही." त्याच्यात नव्हती? तो बिचारा मन लावून ऐकत होता. तुम्ही कोणाशी बोलताय हे तुम्हीच बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, शेतात तुमाले निवांत कुठं वाटते? म्हणाला, माळ्यावर, राखण करताना, वारा सुटला की. मग मी त्याला माळ्यावर बसवलं, त्याच्याच बोलीत, वारा सुटून राह्यला, पाय लोंबून राह्यले, घाई नाई काई. बसल्या जागी घोरायला लागला. तुम्ही दारातून ऐकत होता. तो गेल्यावर काय म्हणालात? "रुग्णासमोर नीट भाषेत बोलावं. ही शेतातली भाषा दवाखान्यात नको." मी म्हटलं, "माणूसच शेतातला आहे, डॉक्टरसाहेब." त्यावर तुम्ही आरसा पुसत बसलात.

मग तो नागपूरहून आलेला तरुण डॉक्टर, काही महिने तुमच्याकडे होता. त्याची तिसरीच तऱ्हा. तुम्ही हुकूम देणार, तो खणत बसणार. ज्याला त्याला मागे न्यायचं, लहानपणात, मूळ सापडलं की दुखणं गेलं. एका बाईचा श्वास कोंडायचा. नवरा मंचेरियलच्या खाणीत, ही इकडे सासरी. त्याने तिला मागे मागे नेत लहान केलं आणि ती रडत म्हणाली की मी विहिरीत पडले होते. काय खूश झाला तो! मी तिला बसपर्यंत सोडायला गेले तर पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाई, मी कायले विहिरीत पडतो? त्यायले काईतरी पायजे होतं ना, म्हनून सांगितलं." मी विचारलं, मग श्वास कधी कोंडतो? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळी. "तो खाली खाणीत उतरला असन असं वाटलं का तवा." झालं, यात खणायचं काय? पुढच्या खेपेला मी तिच्या हातात मूठभर कापूस दिला, सरकीसकट. ती काढत बसली, मी बोलत बसले. तिला मी "घाबरू नको" म्हटलं नाही, कारण घाबरण्यासारखंच होतं ते. एवढंच म्हटलं की भीती राहू दे, तिले जवळ बसव, तिच्यासाठी श्वास कोंडायची गरज नाई. वाटलं तर ऐक, नाई वाटलं तर नको ऐकू. ती तासभर श्वास घेत बसली होती. तुम्ही नंतर कापसाचा तो ढीग बघून कंपाउंडरला म्हणालात, "हे काय, दवाखाना आहे की जिनिंग?"

आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं. तुम्ही म्हणालात, "तू विचारतेस, मी सांगतो. ज्याचं दुखतं त्याला पर्याय नको असतात. त्याला कोणीतरी ठाम माणूस लागतो." मी म्हटलं, "आणि ज्याचं दुखतं तो घरी गेला की?" तुम्ही म्हणालात, "मग तो परत येतो." मी म्हटलं, "हेच तर! तो परत येतो, कारण तुम्ही त्याचं बरं होणं आपल्या खिशात ठेवून घेता." तुमचा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. तुम्ही हाताला उघडायला लावलंत, डॉक्टरसाहेब, पण नंतर तो हात तुम्ही माझा राहूच दिला नाहीत. जिथे भेटाल तिथे, लग्नात, बाजारात, चारचौघांत, तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारणार, "हात कसा आहे?" आणि भोवतालच्यांना सांगणार, हीच ती. मी दर वेळी एकच उत्तर दिलं, "माझा आहे." तुम्ही हसून सोडून द्यायचा.

बाबा गेले.

हं. पुढे लिहिते. बाबा गेल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी तुमच्याकडे येऊन सगळं सांगितलं. कागद, पाटी, सरकी, सगळं. तुम्ही तेव्हा थकला होता, प्रॅक्टिस बंदच होती, व्हरांड्यात आरामखुर्चीत बसला होता. मला वाटलं, आता तरी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, पहिल्यांदाच मध्ये न बोलता, आणि म्हणालात, "मग काय झालं? हात उघडला ना?" मी उठून निघाले. तुम्ही हाक मारलीत, आत जाऊन तो कपाळाचा आरसा आणलात आणि माझ्या हातात ठेवलात. "आता तुला लागेल." मी घेतला. नाही म्हणायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कपाळाला तो एकदाही लावला नाही. मुलांनी त्याने भिंतीवर ऊन नाचवलं, नातवंडांनी नाचवलं, आता सून त्यात बघून टिकली लावते. तुमच्यानंतर मी माझ्या ओसरीवर बायाबापड्यांना बसवत राहिले, कापूस देऊन, तीस-पस्तीस वर्षं. उटनूरहून यायचे, निर्मळहून यायचे. बरे झाले त्यांना मी एकच सांगायची, हे तुमी केलं. कोणी माझं नाव घेऊन भाषण केलं नाही, मी कोणाचं घेऊन केलं नाही.

इकडे पुन्हा वाटण्या झाल्या, तुम्हाला कळलं नसेल. तेलंगण वेगळं झालं, मग आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. मुधोळ आता निर्मळमध्ये आहे. मंचेरियल स्वतःच जिल्हा झालं. मागच्या महिन्यात नातू कसलासा दाखला काढायला तीन कचेऱ्या फिरला आणि वैतागून आला, तेव्हा मला बाबा आठवले, अंगरखा घालून पाटीसमोर बसलेले. ती हैदराबादची मुलगी तुमच्या भाषणाची हकिगत लिहून छापणार आहे. मी तिला उद्या परत बोलावलं आहे. ह्या वेळी चहा मिळणार नाही, आधी ती सगळं लिहून घेईल, बाबांचं नाव सोडून, आणि मला वाचून दाखवील. मूठ कोणी उघडली हे ती नीट लिहीपर्यंत मी तिला सोडणार नाही.

एक राहिलं. वर मी 'बाबा गेले' असं लिहिलं ना, तिथे पेन थांबलं होतं. अंगठा आत वळला आणि बोटं त्याच्यावर मिटली, अगदी तशीच. इतक्या वर्षांनी! घरात कोणी नव्हतं. कापसाचा डबा आतल्या खोलीत वरच्या फळीवर, आणि ह्या गुडघ्यांनी तिथवर चढायचं कसं? हातालाच विचारून बघितलं, काय नको म्हणतोयस रे, सांग. काही सांगेना. फार रडू आलं. आणि मग माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, तुमच्याच त्या चढत्या सुरात, "उघड!"

उघडली. आवाज माझा होता, हे ध्यानात ठेवा. शब्द तुमचा होता, ते मी नाकारत नाही.

हे पत्र कुठेही जाणार नाही, सून आली की कापसाचा डबा उतरवून घेईन, त्यात राहील. आणि डॉक्टरसाहेब, ह्या खेपेला तरी कोणाला सांगत फिरू नका.